जपानी शिकणाऱ्या लेकीच्या हातातला झाडू

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी सात नंबरच्या खोलीचा फळा पुसायला गेले, तेव्हा जपानी शिकवणाऱ्या मॅडमनी मला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून ही खोली तुम्ही झाडायची नाही."

मी ठेकेदाराकडून लागलेली बाई. आम्हाला उद्यापासून येऊ नको म्हणायला कुणाला कागद लागत नाही. मी मान खाली घालून विचारलं, "काय चुकलं का माझं?"

"छे हो. दर शनिवारी ही मुलंच झाडतील. जपानात शाळेतली सगळी मुलं आपली शाळा आपण झाडतात, पुसतात. सोजी म्हणतात त्याला. हा आमच्या अभ्यासाचाच भाग आहे. याला मार्क आहेत."

वर्गात पंचवीस मुलंमुली होती. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर माझी लेक होती. बाकीचे हसले, एकमेकांना ढोसायला लागले. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि वहीत डोकं घातलं.

नोकरी जात नाही हे कळलं, तरी घरी पोचेपर्यंत तोच विचार डोक्यात होता. माझ्या लेकीच्या हातात झाडू येणार होता, आणि तोही मी जिथे झाडते तिथेच. हे मला का सोसत नाही ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तोंडाने मला सांगता येत नाही, समोर माणूस असलं की शब्द आत जातात. लेकीची एक वही अर्धी कोरी राहिली आहे. तिच्यात लिहून ठेवते.

माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णाकाठचं. माझी आजी गावची चावडी झाडायची. चावडी, तिच्यापुढचं मैदान, पाटलाचं दार. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, ते तिच्या सासूचं होतं म्हणून तिचं झालं. झाडून झालं की घरोघर जाऊन भाकरी मागून आणायची. आमची माणसं बौद्ध झाली त्यानंतर आजोबांनी एके दिवशी तिचा खराटा चुलीत घातला. आजी त्या दिवशी रडली. खराट्यासाठी रडली नाही, उद्या पोरांच्या पुढ्यात काय वाढू म्हणून रडली, असं माझी आई सांगायची. आईने पुढे खुरपलं, ऊस तोडला, पण दुसऱ्याचं दार झाडलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. मग धाकट्यांना सांभाळायला घरी राहिले, आणि लग्न होऊन साताऱ्यात आले. नवरा हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, इतर दिवशी मिळेल ते काम करतो. लेक पाचवीत गेली तेव्हा मी कॉलेजात लागले. आईला फोनवर "कॉलेजात लागले" एवढंच सांगितलं. तिने काय काम ते विचारलं नाही. आजोबांनी जाळलेलं मी पगारावर परत हातात घेतलं होतं, आणि ते आम्हा दोघींना कळत होतं. तेव्हाच मी मनाशी धरलं की हे माझ्यापाशी संपेल.

लेक घरात सगळं करते. भाकरी थापते, पाणी भरते, भांडी घासते. झाडू आणि फरशीचं फडकं तेवढं मी तिच्या हातात दिलं नाही. ती उठायच्या आत केर काढून मोकळी व्हायचे. सासूबाई त्यावरून बोलायच्या.

"पोरगी हाय का कलेक्टर? सासरी केर कोन काढंल? तू जाशील व्हय रोज यष्टीनं?"

"जाईन की," मी म्हणायचे.

ती माझ्याच कॉलेजात बी.कॉम.ला आली. मीच तिला बजावलं, कॉलेजात मला आई म्हणायचं नाही.

"मग काय म्हणू?"

"समदी म्हणत्यात त्येच म्हण."

तिला राग आला. तिने मला मावशी म्हटलं नाही. कॉलेजात ती मला हाकच मारायची नाही. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे सरकून मला वाट द्यायची, एवढंच.

दुसऱ्या वर्षाला असताना नोटीस लागली, कॉलेज सुटल्यावर चार ते सहा जपानी शिकवणार. तिने घरी येऊन विचारलं, "नाव घालू?"

"त्येचं काय करायचं?"

"माहीत नाही. मला शिकायचंय."

तिने आधी कधी असं काही मागितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात जपानी सुरू झालं. भाकरी मोजायच्या जपानीत, पातेल्याला जपानी नाव, तव्याला नाव सापडेना म्हणून तवा तसाच राहिला. त्यांच्यात नमस्कार कमरेतून वाकून करतात, किती वाकायचं याचंही माप असतं. ती आरशासमोर वाकायची. मग म्हातारीसमोर जाऊन वाकली. सासूबाई म्हणाल्या, "पाया पडायचं तर नीट पड. अर्ध्यातच काय उसण भरली?"

मीही थोडं शिकले, हे तिला बरेच दिवस माहीत नव्हतं. फळा पुसायच्या आधी मी एक अक्षर डोळ्यांनी उचलायचे आणि घरी येईपर्यंत मनात गिरवत राहायचे. पीठ मळायला घेतलं की परातीतल्या कोरड्या पिठात बोटाने काढून बघायचे. एकदा तिने मागून येऊन पाहिलं. "आई, हे 'नो' आहे!" म्हणाली आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. वीसेक अक्षरं मला आली असतील. पुढे वर्गातली मुलं चित्रासारखी अक्षरं काढायला लागली, तिथे माझं डोकं थांबलं.

त्याच शुक्रवारी लेकीने घरी मला आणखी एक गोष्ट सांगितली. जपानातल्या एका लहान गावातल्या शाळेने तिच्या वर्गातल्या आठ जणांना पंधरा दिवसांसाठी बोलावलं होतं. जाण्यायेण्याचं सगळं तेच बघणार. राहायचं तिथल्या माणसांच्या घरी, दिवसभर शाळेतल्या मुलांबरोबर. आठ जण निवडताना लेखी बघणार, बोलणं बघणार, आणि शनिवारचं झाडणंही बघणार.

"मी पहिल्या तिघांत आहे आई. लेखीत आणि बोलण्यात."

शनिवारी मी पहाटे उठले, सहाच्या आत कॉलेज गाठलं, पहारेकऱ्याकडून किल्ली घेतली आणि सात नंबरची खोली झाडली. नुसती झाडली नाही, बाक हलवून कोपऱ्यातली जाळी काढली, फरशी दोनदा पुसली, खिडकीच्या गजांवरून कापड फिरवलं. झाडायला काही उरलंच नाही तर लेकीला झाडावं लागणार नाही, असा माझा हिशोब.

नऊ वाजता मुलं आली. मॅडमनी झाडू वाटले, फडकी वाटली, हातातल्या घड्याळात वीस मिनिटं लावली. मी व्हरांड्याच्या टोकाला बादली घेऊन उभी होते. मुलं स्वच्छ फरशीवर झाडू फिरवत होती आणि सुपलीत काही येत नव्हतं. मुलं मॅडमना सेन्सेई म्हणायची, म्हणजे जपानीत गुरुजी. एक पोरगा ओरडला, "सेन्सेई, कचरा संपला!" मॅडम चक्रावल्या. पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या शनिवारी त्या सातलाच आल्या. मी बाकाखाली गुडघ्यावर होते.

"मावशी? तुम्हीच होय?"

"धूळ होती मॅडम."

"धूळ असायलाच हवी होती हो! तीन आठवडे माझी मुलं चकचकीत फरशी झाडतायत. तिकडच्या सरांना फोटो पाठवले मी, ते विचारतात, तुमच्याकडे घाण होतच नाही का?"

शिपाई मामा दारात उभे राहून हसत होते. मॅडम गेल्यावर म्हणाले, "मावशे, आख्खी नोकरी झाली माझी हितं. न झाडल्याबद्दल बोलणी खानारी लय बघितली. झाडलं म्हून बोलणी खानारी तूच पैली."

मी हसले नाही. मला पुढचा शनिवार दिसत होता.

पुढच्या शनिवारी खोलीत आठवड्याची धूळ होती, वेफर्सची पाकिटं होती, कुणी पेन्सिली तासलेल्या होत्या. मी परत व्हरांड्याच्या टोकाला. वर्गातल्या बहुतेक मुली आसपासच्या गावांतल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या. रोज सकाळी शेणाचं अंगण झाडून कॉलेजला येणाऱ्या. त्यांनी पदर खोचावा तशा ओढण्या खोचल्या आणि सरासरा कामाला लागल्या. माझ्या लेकीने झाडू दोन्ही हातांत धरला, बॅट धरावी तसा. झाडू उचलून उचलून आपटायला लागली. सगळी धूळ शेजारणीच्या अंगावर.

"अगं ये, काय करतीस? धरायलाच येत न्हाई व्हय तुला?"

"घरी मोलकरीण असंल तिच्या!"

"अगं हाय की, बघ कशी कपाळाला आठ्या घालती, महाराणी हाय!"

मुली चांगल्या होत्या, वाईट मनाने बोलत नव्हत्या. मोलकरीण व्हरांड्यात बादली घेऊन उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. लेकीने झाडू ठेवून फडकं घेतलं. ते तिने न पिळताच फरशीवर ठेवलं आणि खोलीभर चिखल झाला. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो मुलींवरचा नव्हता.

सोमवारी मॅडमनी मला गाठलं. "मावशी, एक काम होतं. तुम्ही बघितलंत ना, त्या खिडकीकडच्या मुलीला? भाषेत सगळ्यांच्या पुढे आहे. पण हे एवढं येत नाही. तिथे पंधरा दिवस रोज करायचंय, लहान मुलांबरोबर. तिथली पहिलीतली पोरंसुद्धा फडकं पिळतात. अशी मुलगी कशी पाठवू मी? तुम्ही तिला शिकवाल? चार दिवस, वर्ग सुटल्यावर. तुमच्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?"

संध्याकाळी घरी गेले तर लेक चुलीपुढे उभी.

"मॅडम म्हणाल्या, मावशींकडून शिकून घे. तुलाही सांगितलं ना? शिकव मला."

"न्हाई."

"का?"

"न्हाई म्हणलं ना. जपानाला नको जाऊ."

"झाडूसाठी?"

"झाडूसाठीच."

"तू रोज झाडतेस ते वाईट आहे का आई?"

"मी झाडते म्हूनच तू न्हाई झाडायचं."

"तिथं हेडमास्तर झाडतात. डॉक्टरांची पोरं झाडतात."

"तिथलं तिथं. हितं कोन झाडतं ते बघ तू. हितं त्या शेतकऱ्यांच्या पोरींनी झाडलं की अभ्यास. तू झाडलंस की तुझं कामच हाय ते, असं म्हणतील. आज न्हाई, जवा त्यांना कळंल तुझी आई कोन तवा म्हणतील."

सासूबाई माळ्यावरच्या गवऱ्या काढत होत्या. म्हणाल्या, "मी म्हणत हुते, पोरीला केर काढाय शिकव. शिकवलं असतंस तर आज ही येळ आली असती का? घरात शिकली असती, कुनाला कळलं बी नसतं." पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मला खरं वाटलं आणि त्याचा आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. दार उघडं होतं तरी वाजवलं.

"मॅडम, मी न्हाई शिकवनार तिला. ती माझी लेक हाय."

मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला माहीत नव्हतं," म्हणाल्या. मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. मग त्याही उठून उभ्या राहिल्या.

त्या मेढ्याकडच्या. घरची शेती, माणसं पुष्कळ. म्हणाल्या, "आमच्याकडे अंगण झाडायला एक बाई यायच्या. मी बारा वर्षांची होईपर्यंत येत होत्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. विचारलंच नाही कधी. जपानात नोकरीला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची टेबलं पुसायची माझी पाळी आली. फडकं पिळता येईना. सगळीकडे पाणीच पाणी. संडासात जाऊन रडले मी. पिळता येत नाही म्हणून नव्हे हो. माझ्याकडून पुसून घेतात म्हणजे काय, म्हणून. नंतर त्या रडण्याची लाज वाटली. म्हणून हे शनिवारचं काढलं मी."

"तुमच्यासारख्यांनी शिकावं म्हून काढलं," मी म्हणाले. "आमच्या पोरींनी शिकावं म्हून न्हाई."

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला अजून कळलेलं नाही. मॅडमनी समोरचे पेपर गोळा करून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "खरं आहे. याचा मी विचार केला नव्हता. इथे मी तिला वगळू शकते. दुसरं काही काम देईन, मार्क देईन. पण तिथे मला वगळता येणार नाही. तिथे तिने एकटीने झाडू नाही घेतला, तर ते वेगळंच दिसेल. शुक्रवारी नावं पाठवायची आहेत. तुम्ही दोघींनी ठरवा."

म्हणजे ठरवायचं माझ्यावर आलं. मंगळवार, बुधवार मी नुसती फिरत राहिले. धुतलेली भांडी परत धुतली. बाजारात जाऊन मीठ आणायचं विसरून परत आले. लेक माझ्याशी बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून जपानीतलं ओळख करून द्यायचं भाषण म्हणत होती. नाव, गाव, काय शिकते, काय आवडतं. इतक्या वेळा म्हणाली की मलाही पाठ झालं. त्यात आईबद्दल एक वाक्य होतं. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

बुधवारी मी तिला म्हणाले, "एवढं काय हाय तिथं?"

ती भिंतीकडेच बघत म्हणाली, "मला काय माहीत? गेल्याशिवाय कसं कळेल? मला झाडू पाहिजे असं नाही आई. मला तिथं जायचंय. वाटेत झाडू आला, तर मी काय करू? तू एकदा तरी मला विचारलंस का, मला काय वाटतं?"

आजोबांनी खराटा चुलीत घातला तेव्हा त्यांनीही आजीला विचारलं नव्हतं. हे मला तेव्हा आठवलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. चुकलं नव्हतंच. पण विचारलं नव्हतं हेही खरं.

गुरुवारी सहा वाजता वर्ग सुटला. मी सात नंबरच्या खोलीत गेले. लेक थांबली होती. मी दार लोटून घेतलं.

"खांबासारखी ताठ उभी ऱ्हाऊ नको. वाक. आदी पानी शिंपड, हातानं, थोडं. धूळ बसली पायजे. लय न्हाई, चिखल व्हतो. आता कोपऱ्यातनं सुरू कर. झाडलेली जागा परत आपल्या पायाखाली येऊ द्यायची न्हाई, म्हून मागं मागं यायचं. झाडू उचलायचा न्हाई. टोक फरशीला लागूनच ऱ्हायलं पायजे. एका हातानं. दुसरा हात गुडघ्यावर, न्हाईतर कंबर जाती."

फडक्याच्या वेळी मला तिचे हात धरावे लागले. फडक्याची लांब घडी करायची, एक हात वरून, एक हात खालून, आणि पिळताना कोपर अंगाजवळ आणायचं. भांडी घासूनही तिचे हात माझ्या हातांपुढे मऊ होते. बोटांना वहीची शाई लागलेली. त्या हातांत झाडू येऊ नये म्हणून मी इतकी वर्षं तिच्या आधी उठले होते. माझ्या हातांत तिचे हात होते आणि फडक्यातून पाणी गळत होतं, एक धार, मग थेंब, मग काही नाही.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर."

तासाभरात ती शिकली. मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं. इतकी वर्षं जे मी तिच्यापासून दूर ठेवलं, ते तासाभरात येणारं काम होतं.

खोली झाडून झाल्यावर ती बाकावर बसली आणि म्हणाली, "भाषणात तुझ्याबद्दल एक वाक्य आहे. मी त्यात लिहिलं होतं, माझी आई घरी असते. ते बदलू का?"

"काय करायचं ते कर," मी म्हणाले, आणि बादली घेऊन बाहेर आले. शनिवारी तिने सगळ्यांसमोर मला आई म्हणून हाक मारली. "आई, सुपली कुठंय?" एवढंच. दोनतीन मुलींचे हात थांबले. एक म्हणाली, "म्हंजे तू घरातनंच शिकून आलीस व्हय!" आणि हसली. दुसरी हसली नाही, तिने नुसतं माझ्याकडे आणि लेकीकडे आळीपाळीने बघितलं. मला जे भय होतं ते खोटं नव्हतं. पण नाव शुक्रवारीच यादीत गेलं होतं.

ती गेली. साताऱ्याच्या स्टँडवरून आठ जण मुंबईच्या गाडीत बसले. नवरा कारखान्यावरून धावत आला होता, त्याच्या कपड्यांना मळीचा वास येत होता. गाडी हलल्यावर तो म्हणाला, "कुठल्या दिशेला हाय गं जपान?" मला सांगता आलं नाही.

पंधरा दिवस माझं लक्ष कशात लागलं नाही. आपल्या दुपारी त्यांची संध्याकाळ होते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती फोन लावायची. पहिल्यांदा तिने राहतं घर दाखवलं. एक म्हातारी बाई, एकटी, तिने लेकीला आपल्या मुलीचे स्वेटर घालायला दिले होते. मग शाळेत काढलेला व्हिडिओ पाठवला. डोक्याला रुमाल बांधलेली लहान लहान पोरं, लांब व्हरांड्यात रांगेने ओणवी, दोन्ही हातांखाली फडकं, आणि शिट्टी झाल्यावर पळत सुटली. माझी लेक त्यांच्यात. सगळ्यांच्या मागे पडली. पोरं टाळ्या वाजवत होती.

सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांना लावून बघितला. "एवढ्या लांब इमानानं जाऊन फरशी पुसतीय व्हय? हितं काय कमी फरशा हुत्या!"

मी संध्याकाळी तिला फोनवर विचारलं, "संडास बी तीच पोरं धुत्यात?"

"हो. पाळी असते. मोठे सरसुद्धा धुतात. मी काल धुतला."

"मग तिथं झाडनारी बाईच न्हाई?"

"इथे नाही दिसली."

"आन् पूर्वी? पूर्वी कोन करायचं ही कामं? कुनीतरी आसंलच की. इचार त्या म्हातारीला."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन उशिरा आला. म्हणाली, "विचारलं मी. जेवढं येतं तेवढ्या भाषेत विचारलं. तिने चहा ओतला आणि म्हणाली, उद्या थंडी वाढेल. मी परत विचारलं. ती म्हणाली, असल्या गोष्टी विचारत नसतात. आई, ती चांगली आहे गं, लय जीव लावते. पण ती अशी गप्प झाली, आपल्याकडे लोक गप्प होतात ना, तशी."

फोन ठेवल्यावर मी व्हरांड्यात बसून राहिले. मामांनी दोनदा हाक मारली. तिथेही कुणीतरी आहे किंवा होतं, आणि त्याचं नाव घेत नाहीत, एवढं मला कळलं. ते ऐकून बरं वाटलं की वाईट, हे मला सांगता येत नाही. दोन्ही वाटलं.

ती परत आली त्याला आता दीड महिना झाला. जपानीची पुढची परीक्षा पास झाली आहे. तिथल्या कॉलेजात वर्षभर शिकायचा फॉर्म भरला आहे, बोलावणं आलं तर जाईल. ती बदलली आहे असं सगळे म्हणतात. मला तेवढं दिसत नाही. एकच दिसतं, तिला आता माझ्याबरोबर काम करायचं असतं. एके दिवशी ती जिन्याखालच्या संडासापाशी आली आणि म्हणाली, "दे, मी धुते. दोघी मिळून लवकर होईल."

"जा हितनं."

"तिथं धुतलाच की मी."

"तिथं समद्यांबरूबर धुतलास. हितं माझ्याबरूबर न्हाई धुवायचा."

"फरक काय आई?"

मला फरक माहीत आहे. तो मला माझ्या पाठीत, गुडघ्यांत माहीत आहे. पण तिला सांगायला गेले तर शब्द येईनात. मी म्हणाले, "हाय फरक." ती म्हणाली, "मग सांग." मी बादली उचलून दुसऱ्या मजल्यावर गेले. ती तिथेच उभी होती, वरून मला दिसत होती.

आज रविवार. सकाळी सात वाजता ती खराटा घेऊन दारापुढचं अंगण झाडायला गेली. मला विचारलं नाही, माझ्या आधी उठली. आमचं दार गल्लीवर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं दिसतं. समोरच्या काकी दात घासत उभ्या होत्या. त्यांचा आवाज आत आला.

"काय गं, जपानावरनं हेच शिकून आलीस व्हय?"

"न्हाई काकी, हे घरीच शिकले. तिथं फडकं मारायला शिकले. आणू का, तुमची पायरी पुसते? पण तुमीबी यायचं बरं का बरोबर, तिथं तशीच रीत हाय."

"आगं बया! मी कशाला?"

"मग ऱ्हाऊ द्या. तुमच्याशिवाय मी न्हाई पुसत."

काकी हसल्या. नवराही अंथरुणात हसला. मला हसू आलं नाही. खराट्याचा आवाज चालूच आहे, आता नळापाशी पोचली असेल. सासूबाई दारात बसून तिला सांगतायत, "त्या कोपऱ्यात ऱ्हायलं, त्या कोपऱ्यात." चहा उकळून खाली ठेवला आहे, तो निवत चालला आहे.

मी ही वही काढून बसले आहे. उठले तर सरळ बाहेर जाऊन तिच्या हातातून खराटा घेईन, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून लिहिते आहे, आणि तिचं झाडून होईपर्यंत लिहीत राहणार आहे.